आरएस दिली, उघडी मर्सिडीज घेतली

आरएस विकायला काढतोय म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने आधी एकच विचारलं, "काय काम निघालं?" काहीच निघालं नव्हतं. २०१७ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली, तेव्हाची ही गाडी. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरला सात सेकंदांच्या आत, आणि वर घरातली पाच माणसं लग्नाच्या सामानासकट मावतील एवढी जागा. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किलोमीटरला वेळेवर बदललेलं, सर्व्हिसची प्रत्येक पावती फायलीत लावलेली. माझा त्या गाडीवर जीव होता. तिला नावं ठेवायला हे लिहीत नाही.

पण बडोद्यात राहून ती वापरायची कुठे? इथून अहमदाबादला जाणारा द्रुतगती मार्ग ९३ किलोमीटरचा. २०२४ पासून भरूचच्या बाजूला दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा टप्पाही सुरू झालाय. दोन्ही सरळसोट. मर्यादेत चालवलं तर त्या इंजिनाला तिथे काम असं उरतच नाही, आणि ज्या वेगाला गाडी खरी रंगते तो वेग या रस्त्यांवर करायचा नसतो एवढं मला कळतं. डभोई रोडला अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली कधी समोर येईल सांगता येत नाही. गावात म्हणाल तर संध्याकाळी अकोटा-दांडिया बाजार पुलावर दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची सोयच नाही. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले होते ती वर्षातून क्वचितच हाती लागत होती. पन्नाशी आली म्हणून वेग सुटला, असं काही मित्र म्हणाले. मला ते पटत नाही. वेग अजून आवडतो. पण पन्नासच्या वेगाने जातानाही गाडी चालवतोय हे अंगाला जाणवावं, असं काहीतरी हवं होतं.

ते काय असू शकतं हे मला जानेवारी २०२३ मध्ये दिसलं. लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचा '२१ गन सॅल्यूट' सोहळा भरला होता. आईला घेऊन गेलो होतो. संस्थानिकांच्या काळातल्या एकेक गाड्या, आणि त्यातल्या कितीतरी उघड्या. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात उघडी गाडी हीच साधी गाडी होती. पक्कं छत आणि काचा असलेली बंद गाडी महाग पडायची. पुढे बंद गाडी सगळ्यांची झाली आणि उघडी गाडी चैनीची. आई एका लांबलचक टूरर गाडीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "यात बसून जाताना गाव दिसत असेल रे. आपल्या गाडीतून नुसता रस्ता दिसतो." घरी येताना आरएसच्या काचा खाली करून आलो.

नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये मर्सिडीजने सीएलई कॅब्रिओलेट, म्हणजे छत उघडणारी गाडी, आणली, तिची एक्स-शोरूम किंमत एक कोटी दहा लाख. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाचा तो रस्ता नाही. जुन्यात मात्र गंमत आहे. आलिशान गाडीची किंमत आपल्याकडे फार लवकर खाली येते, आणि कॅब्रिओलेटची तर आणखी, कारण घेणारे मोजके. त्या उलट आरएससारख्या गाड्या थोड्याच आल्या आणि त्यांच्यामागे वेडी झालेली पोरं पुष्कळ, त्यामुळे त्यांची किंमत टिकून राहते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून माझा सौदा जमला. सात-आठ वर्षांच्या स्कोडात थोडी भर घातली की तेरा वर्षांची मर्सिडीज येते, हे गणित कागदावर मांडल्याशिवाय खरं वाटत नाही.

कोणती, यावर फार काळ घोळलो नाही. बीएमडब्ल्यूची झेडफोर आणि मर्सिडीजची एसएलके दोन माणसांच्या. घरात आई, बायको, मुलगी. दोन सीटांची गाडी घेऊन उरलेल्यांना घरी बसवणं मला जमणार नव्हतं. ऑडीची एथ्री कॅब्रिओलेट चांगली आहे, पण मागे पाय ठेवायला जागा नाही. उरली ई-क्लास कॅब्रिओलेट, ए२०७ पिढीची. चार पूर्ण सीटा, कापडी छत, साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बोविरहित पेट्रोल इंजिन, सात गिअरची ऑटोमॅटिक.

या गाडीबद्दल एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि घेणाऱ्याच्या फार कामाची आहे. नाव ई-क्लास असलं तरी तिचा पाया बराचसा सी-क्लासचा आहे. चाकांमधलं अंतरसुद्धा त्या पिढीच्या सी-क्लासएवढंच, २,७६० मिलिमीटर. आणि ती सी-क्लास चाकणला जुळवली जायची, आपल्याकडे भरपूर खपली. त्यामुळे सस्पेन्शनचे आर्म, बुश, ब्रेक यांतलं बरंच काही बाजारात सहज मिळतं. इंजिनही त्या काळच्या अनेक मर्सिडीजमध्ये होतं. अडतं ते फक्त छत, त्याची हायड्रॉलिक यंत्रणा, काचा आणि रबरी पट्ट्या. म्हणून तपासणी कुठून सुरू करायची ते आपोआप ठरतं. प्रतापनगरला माझा जुना मेकॅनिक आहे, त्याला विचारलं तेव्हा तोही हेच म्हणाला, "साहेब, पहेलां छत जुओ. एन्जिन तो पछी पण थाय." आधी छत बघा, इंजिनाचं नंतरही होईल.

शोधाशोध मात्र वाईट काळात सुरू झाली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी गावात शिरलं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कितीतरी सोसायट्यांच्या तळघरांत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. माझी आरएस मकरपुऱ्याला शेडमध्ये उंचावर होती म्हणून वाचली. त्यानंतरचे काही महिने गुजरातच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात काय येतंय याची मला धास्ती होती. बुडालेली गाडी विमा कंपनी निकालात काढते, ती लिलावात जाते, कोणी सुकवून, धुऊन, सीटा बदलून ती दुसऱ्या गावात उभी करतो. ओळखायची कशी, हे त्या दिवसांत आम्ही सगळेच शिकलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटचे रूळ गंजलेत का बघायचं. पायाखालचं कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावायचा आणि वास घ्यायचा. फ्यूजच्या डब्यातल्या पिनांवर हिरवट थर असेल तर तिथूनच परत फिरायचं. अहमदाबादला एका यार्डात एक पांढरी कॅब्रिओलेट दाखवली होती, बाहेरून आरशासारखी. मागच्या सीटचा बेल्ट ओढला आणि मी गप्प उठून बाहेर आलो.

दिल्लीच्या गाड्यांचाही मोह होतो. तिथे तेव्हा जुन्या गाड्या स्वस्त मिळायच्या याला कारण होतं. दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं आणि डिझेलला दहा, हा निर्बंध तेव्हा न्यायालयांच्या आदेशांतून सरसकट लागू होता, म्हणून मुदत जवळ आलेली गाडी लोक मिळेल त्या किमतीत बाहेर काढायचे. मावसभाऊ गुरगावला असतो. तो म्हणाला, "दादा, दोन-तीन लाख सहज वाचतील." वाचले असते. पण मुदत उलटायला आलेल्या गाडीची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, वेळेत निघाली नाही तर आपल्या हातात पत्रा उरतो, आणि ती टांगती तलवार मला नको होती. नाही म्हटलं.

शेवटी जी गाडी मिळाली ती मुंबईची, एमएच-०२, २०११ ची नोंदणी. अहमदाबादच्या एका विक्रेत्याने ती आणली होती. चंदेरी रंग, काळं छत, आत बदामी लेदर. पहिल्या मालकानंतरची दुसरी मालकी, सर्व्हिसचा इतिहास जवळजवळ पूर्ण. विक्रेत्याला आरएस हवी होती, कारण ती जीजे-०६ ची. गुजरातमध्ये लगेच विकली जाणार. माझी गाडी द्यायची आणि वर साडेचार लाख, इथे बोलणं थांबलं. पण सौदा ठरण्याआधीची तपासणी सविस्तर सांगतो, कारण हेच काम कोणी नीट करत नाही.

छत थंड गाडीवर आधी उघडायला लावलं, मग गाडी तासभर फिरवून गरम झाल्यावर. इंजिन चालू ठेवून. या गाडीत मधल्या कन्सोलवरचं बटण शेवटपर्यंत धरून ठेवावं लागतं. काचा थोड्या खाली सरकतात, मागचं झाकण उलट्या दिशेने उचललं जातं, छत मधून दुमडत मागे जातं, झाकण बसतं, काचा वर येतात. सगळं मिळून वीस सेकंद, आणि ताशी ४० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही होतं. बघायचं ते हे: दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात का, की एक बाजू अंगचोरपणा करते? पंपाचा आवाज एकसारखा आहे की मधेच ताण घेतो? शेवटी छत पुढच्या चौकटीला धरतं तेव्हा खट्कन बसतं की हाताने दाबावं लागतं? डिकीत एक आडवा पडदा असतो, तो लावलेला नसेल तर छत उघडतच नाही. बरेच जण तेवढ्यावरून छत बिघडलं म्हणतात. त्या पडद्यामागचं अस्तर सोडवून आत बोट फिरवलं. कोरडं. तेलाचा ओलसरपणा असता तर सिलिंडरची सील गेली असं समजायचं, आणि तो खर्च साधा नाही.

मग पाणी. धुण्याच्या ठिकाणी नेऊन छतावर साधा पाइप बराच वेळ धरला, आणि मी आत बसून राहिलो. समोरच्या काचेचे कोपरे, दाराच्या काचा आणि छत जुळतात ते सांधे, मागची काच. ड्रायव्हरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक थेंब तयार झाला, थरथरला आणि खाली ओघळला. रबर कडक झालेलं. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "साहेब, एवढं तर चालतं." त्याच थेंबावर मी किमतीत चांगली सूट घेतली. पाणी निचरा होणाऱ्या नळ्या पानांनी तुंबलेल्या होत्या, त्या तारेने मोकळ्या केल्या.

इंजिनाकडे मेकॅनिकने बघितलं. या इंजिनाच्या २००८ च्या आधीच्या काही खेपांमध्ये बॅलन्स शाफ्टचा गिअर लवकर झिजायचा आणि त्यासाठी सगळं इंजिन उतरवावं लागायचं. आमची गाडी त्यानंतरची, ती चिंता नव्हती. कॅमशाफ्टच्या पुढच्या चुंबकांपाशी तेल पाझरतं आणि वायरिंगमधून वर चढतं, हा दुसरा जुना आजार. तो थोडासा होता. इनटेक मॅनिफोल्डच्या आतल्या झडपांचा प्लास्टिकचा लिव्हर तुटतो, तो शाबूत होता. स्कॅनरवर जुन्या नोंदी बघितल्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या पत्र्यांवर फिरवलं. मागचा उजवा भाग पुन्हा रंगवलेला निघाला, पण चौकटीला धक्का नव्हता. मुंबईची समुद्राची हवा म्हणून खालून गंज बघायला गाडी लिफ्टवर घेतली. एक्झॉस्टच्या पट्ट्या गंजलेल्या, बाकी बरं.

किलोमीटर किती झाले याला मी फारसं महत्त्व दिलं नाही. कमी चाललेली आणि उन्हात उभी राहिलेली अशी गाडी मला जास्त भीतिदायक वाटते. रबर, सील, बॅटरी, टायर हे सगळं वापराने नाही, वयाने मरतं. आणि हे ध्यानात ठेवायचं की गाडी पंचवीस-तीस लाखांची झाली तरी तिचे भाग तेव्हाच्या महागड्या गाडीचेच भाग असतात. म्हणून किंमत ठरल्यावर तिच्या दहा-बारा टक्के रक्कम मी वेगळी काढून ठेवली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या वर्षात लागली: चारही टायर, बॅटरी, गिअरबॉक्सचं तेल, इंजिनाचे माउंट, ते चुंबक आणि त्यांची वायरिंग. यात कुरकुर करायचं कारण नाही. हे न करता नुसती चालवणाऱ्यांच्या गाड्याच पुढे स्वस्तात विकायला येतात.

आता कागद. इथे मी हटून बसलो. विक्रेता म्हणत होता, गाडी घेऊन जा, मुंबईची एनओसी पंधरवड्यात येईल. मी आरएसची किल्ली दिली नाही. गाडी तिकडच्या मालकाच्या नावावर, आपण पैसे देऊन बसलेलो, आणि एनओसी अडकली की कोणाला जाब विचारायचा? आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. वाहतुकीच्या दंडाची दोन चलनं थकलेली, ती भरल्याशिवाय एनओसी नाही. मग एनओसीच्या अर्जाचा फॉर्म २८, चॅसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, विमा, पीयूसी. सगळं येईपर्यंत आरएस माझ्याच दारात उभी होती, आणि विक्रेता रोज फोन करून थोडा नाराज व्हायचा. एनओसी हातात आली, तिची नोंद परिवहनच्या पोर्टलवर दिसली, मग अहमदाबादला जाऊन किल्ल्या बदलल्या.

आरएस देताना फॉर्म २९सी मागून घेतला. अधिकृत नोंदणी असलेल्या विक्रेत्याला गाडी सोपवली की ती सूचना परिवहन खात्याकडे जाते आणि त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. हा नियम २०२३ च्या एप्रिलपासून आहे, तरी अजून कित्येकजण नुसत्या सह्या केलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० देऊन मोकळे होतात. पुढे ती गाडी कोणी कुठे ठोकली तर पोलीस पहिल्या मालकाच्या दारात येतात. तुमची गाडी देताना हा एक कागद सोडू नका.

बडोद्याचं आरटीओ दरजीपुऱ्याला, महामार्गावर. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीला नवा क्रमांक घ्यायचा तर फॉर्म २७, नावावर करायला २९ आणि ३०, आणि गुजरातचा कर नव्याने. कर मूळ किमतीवरून वय वजा करून लागतो, आणि ही गाडी जर्मनीत ब्रेमेनला पूर्ण बांधून आलेली असल्याने आयात गाडीचा दर लागला. तो आकडा सौदा करायच्या आधी आरटीओत जाऊन लिहून घेतला होता. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो; तो हक्क तिथल्या मालकाचा, त्याला मी आवर्जून कळवलं. खिडकीवरचे भाऊ आधी जरा चक्रावले. बॉडीच्या प्रकारात कन्व्हर्टिबल लिहिलेली गाडी त्यांच्याकडे रोज येत नाही. पण मराठी आडनाव बघून त्यांनी कोणत्या पोळमधले, म्हणजे जुन्या गावातल्या कोणत्या गल्लीतले, वगैरे विचारलं, दांडिया बाजार म्हटल्यावर त्यांचे आजोबाही तिथलेच निघाले, आणि तपासणीची तारीख सरळ मिळाली.

विम्याची एक चांगली बातमी. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आरएसवर माझा पन्नास टक्के जमलेला होता. कंपनीकडून तसं पत्र घेतलं आणि तो मर्सिडीजच्या विम्यावर चढवला. थर्ड पार्टीचा हप्ताही बदलला नाही, कारण १,५०० सीसीच्या वर सगळ्या मोटारींना एकच दर आहे, ७,८९७ रुपये. अडलं ते आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, आणि कंपनी अर्थातच कमी धरते. सौद्याचे कागद, फोटो आणि तपासणीचा अहवाल दाखवून ती वाढवून घेतली. शून्य घसाऱ्याचं कवच, म्हणजे घसारा वजा न करता भरपाई, या वयाच्या गाडीला मिळालं नाही. छत फाटलं तर आपल्यालाच बघायचं, हे धरून चालतोय.

एवढं करून मिळालं काय, तर सांगतो. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सुमाराला आईला गरुडेश्वरला नेलं. टेंबे स्वामींची समाधी आहे तिथे, नर्मदेच्या काठी. १९१४ साली स्वामी तिथे समाधिस्थ झाले. आमच्या घरात वर्षातून एकदा जायची पद्धत. दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं आईला जमणार नाही, म्हणून ती पुढे, बायको आणि मुलगी मागे. दार लावल्यावर सीटबेल्ट आपला आपण खांद्याजवळ पुढे आला तेव्हा आई दचकली, मग तिने तो काढून पुन्हा लावून बघितला. डभोईला हिरा भागोळपाशी थांबून चहा घेतला आणि छत उघडलं. पहाटेचा गारवा होता. या गाडीत पुढच्या सीटच्या मानेपाशी गरम हवेचे झरोके आहेत. आईच्या मानेचं जुनं दुखणं, मी ते सुरू केलं तर ती म्हणाली, "अरे, शेकल्यासारखं होतंय." समोरच्या काचेच्या वरची पट्टी आणि मागच्या सीटांमागची जाळी उचलली की साठ-सत्तरच्या वेगात मागे बसलेल्यांचे केसही फारसे उडत नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात बोलता येतं.

तिलकवाड्याकडे कपाशीची आणि एरंडाची शेतं लागतात, पुढे नर्मदेजवळ केळीच्या बागा. हा रस्ता मी आरएसने कितीदा गेलोय. तेव्हा शेतात पाणी सोडलंय हे मला डोळ्यांनी दिसायचं. आता ते दोनशे मीटर आधी नाकाला कळतं. कुठे तुरीच्या शेंगा भाजत होते, तो वास थेट गाडीत. पाणी द्यायच्या मोटारीचा आवाज, शाळेतली प्रार्थना, पुलावरून जाताना एकदम थंड होणारी हवा. गावातली पोरं हात करतात, म्हातारे थांबून बघतात आणि आईला नमस्कार करतात. आई त्यांना उलट नमस्कार करत होती. वेगाचा काटा साठवर. मला त्याच्या पुढे जावंसं एकदाही वाटलं नाही, आणि आरएसमध्ये मला हे कधी जमलं नव्हतं.

उन्हाळ्याचं खोटं बोलणार नाही. एप्रिल ते जून बडोद्यात दिवसा छत उघडणं शक्य नाही; लेदर हात लावता येणार नाही इतकं तापतं. तेव्हा पहाटे, किंवा रात्री जेवणानंतर कमाटीबाग, कीर्तिमंदिर, सुरसागर असा फेरा. पावसाळ्यात दोन सरींच्या मधली मोकळी वेळ सापडली तर हालोलच्या बाजूला, पावागड हिरवा झालेला असतो. त्यात एक पथ्य कडक: छत ओलं असताना दुमडायचं नाही. दुमडलेल्या ओल्या कापडाला आत बुरशी धरते आणि डाग जात नाहीत. धुताना जोराचा फवारा छताच्या जवळ धरायचा नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी, उन्हात नाही तर सावलीत वाळवायचं. कडुलिंबाखाली गाडी लावायची नाही, कारण बारीक पानं नेमकी निचऱ्याच्या नळीत जातात. छत उघडं असताना डिकी ३९० लिटरवरून ३०० वर येते, त्यामुळे चार माणसांचं दोन दिवसांचं सामान कसं बसवायचं ते बायकोने मऊ पिशव्या शिवून सोडवलं.

आरएसची आठवण येते. अमित नगरच्या सर्कलला एकदा ती दिसली, नव्या मालकाने चाकं बदललीत. चालवणारा विशीतला मुलगा होता, गाडी स्वच्छ ठेवलेली. बरं वाटलं.

मर्सिडीजला या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतात. म्हणजे फॉर्म २५ भरून नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करायची, गाडी तपासणीला न्यायची. साध्या मोटारीला याचे ५,००० रुपये लागतात, परदेशातून बांधून आलेल्या मोटारीला ४०,०००. वीस वर्षांच्या पुढे ही रक्कम दुप्पट होते. घेतानाच हे माहीत होतं आणि वेगळ्या काढलेल्या पैशांत ते धरलंय. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करणार आहे. त्याआधी ड्रायव्हरच्या बाजूचं ते वरचं रबर बदलायचंय. मागवलंय, जर्मनीहून यायला महिना-दीड महिना लागेल असं सांगितलंय.